टाचणीची सावली

"याची टाचणी कुठे गेली?" असं त्या मुलीने विचारलं, आणि खरं तर हसून विषय तिथेच संपायला हवा होता. मुलं काहीही विचारतात. तीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या बाईला हे कुणी नव्याने सांगायला नको. मुंगीला दप्तर का नाही, गोगलगाय अंघोळ करताना घर कुठे काढून ठेवते, असल्या प्रश्नांना तिची उत्तरं तोंडावर तयार असत. पण ही मुलगी वेगळीच निघाली. आठेक वर्षांची, गुडघ्यावर औषधाची पट्टी, केस कुणीतरी घाईघाईत बांधलेले. शनिवारी सकाळी मुलांच्या वाचनालयात वीसेक पोरं सतरंजीवर बसली होती, समोरच्या लांब टेबलावर चित्रकार बाईंनी आपल्या नव्या पुस्तकाच्या चोवीस चित्रांपैकी सहा मांडली होती आणि शेजारी उभा राहून संपादक सांगत होता की या पुस्तकातल्या किड्यांना भुवया नाहीत, ते टोप्या घालत नाहीत, बोलत नाहीत. हे खरेखुरे, जिवंत किडे आहेत. तेवढ्यात ती मुलगी उठून पुढे आली. दिव्यावर येणाऱ्या मोठ्या तपकिरी पतंगाच्या चित्रावर नाक टेकेल इतकं वाकून तिने पाहिलं आणि टाचणीचं विचारलं. कसली टाचणी? तेव्हा मुलीने तिला, म्हणजे चित्रकार बाईंना, अगदी सबुरीने समजावून सांगितलं. हा पतंग त्यांच्या जिन्यातल्या दिव्यापाशी रोज येतो. तो असा कधीच बसत नाही. पंख मागे घेऊन, छपरासारखे करून बसतो, आणि खालच्या पंखांवरचे हे गोल डोळे तर झाकलेलेच असतात. एकदा एक मेला, तेव्हा तिच्या दादाने त्याचे पंख पुढे ओढून त्याला पुठ्ठ्यावर टाचला होता, तेव्हा तो अगदी असा दिसायचा. "म्हणजे हा मेलेला आहे ना?" मुलगी म्हणाली. "मग टाचणी कुठे गेली?" संपादक हसला, पोरं हसली, तीही हसली. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या उजव्या हाताला मुंग्या आल्या आहेत.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. चित्रांची मोठी सपाट पिशवी गुडघ्यांवर आडवी धरून ती बसली. एरवी या पिशवीचं तिला ओझं वाटत नसे, आज वाटत होतं. आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं किती मनावर घ्यायचं, असं ती स्वतःला तीन थांब्यांपर्यंत सांगत राहिली. चौथ्या थांब्याला तिने ते सांगणं सोडलं, कारण डोक्यात शिरलेला किडा सांगून ऐकत नाही, आणि हे तिला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत असायला हवं होतं. समोरच्या बाकावर एक माणूस काचेला डोकं टेकून झोपला होता. जबडा जरा उघडा, तळहात मांडीवर उताणा. तिच्या नजरेने सवयीने त्याची कड पकडली: कपाळ, भुवईचं हाड, नाकाच्या शेंड्याशी उजेड, ओठाखाली सावली. छान, स्थिर. मग बसला धक्का बसला, माणूस जागा झाला, डोळे चोळत कुठे आलो म्हणून बाहेर बघू लागला, आणि तिच्या मनातलं चित्र मोडलं. तिला त्याचा राग आला. अगदी खरा, बारीकसा राग, हलल्याबद्दलचा. असा राग आपल्याला किती वर्षांपासून येतो, असं तिच्या मनात आलं, आणि ती घाईने रस्त्याकडे बघू लागली. रस्त्यावर कपड्यांच्या दुकानात काचेमागे एक झगा मांडला होता, बाह्या दोन्हीकडे ताणून, मागून टाचण्या लावून. पुढचे दोन थांबे तिने डोळे मिटून काढले.

या पुस्तकासाठी तिने काय काय सोसलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. तीस वर्षं भुवया. मुंग्यांना भुवया, चतुरांना भुवया, एकदा तर एका गांडुळाला भुवया, आणि संपादकांचं म्हणणं असं की भाव कळले पाहिजेत. पोटासाठी म्हणून तिने ते सगळं केलं, आणि वाईट केलं नाही. तिच्या मुंग्यांवर दोन पिढ्यांची पोरं वाढली. पण दर गुरुवारी दुपारी ती संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत जायची. कीटकांच्या खोलीतली कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, काचेच्या झाकणाचे उथळ खण, आणि तिची खिडकीखालची ठरलेली जागा. तिथे ती खरं काम करायची. हातात भिंग, डिव्हायडरने मोजून घेतलेलं प्रत्येक अंतर, आधी कठीण पेन्सिलची दिसेल न दिसेल अशी रेघ, मग पाण्यात जेमतेम रंग आहे की नाही असा पहिला हात. भुंगेऱ्याच्या पाठीवरची चमक रंगाने येत नाही, तिथे कागद कोरा राखावा लागतो, आणि तो कुठे राखायचा हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं. काळा रंग ती कधी वापरत नसे. निळा आणि तपकिरी मिसळून तिचा काळा तयार व्हायचा, आणि तो जिवंत दिसतो असं ती सगळ्यांना सांगायची. एकेका चित्राला चार-चार महिने. एका बाजूला ही चित्रं आणि दुसऱ्या बाजूला भुवया, असं आयुष्य तिने मधोमध कापून घेतलं होतं, आणि तीस वर्षांनी एक तरुण संपादक असा निघाला की त्याने ही चित्रं पाहिली आणि म्हणाला, ताई, हेच छापू. सोमवारी सकाळी चोवीस चित्रं छापखान्यात जायची होती. पुस्तकावर पहिल्यांदाच तिचं नाव लेखकाच्या खाली नव्हे, एकटं येणार होतं.

घरी आल्यावर तिने चोवीसही चित्रं जमिनीवर मांडली आणि खुर्चीवर चढून वरून पाहिली. खुर्चीवर चढायची काही गरज नव्हती. पण उभ्याने बघवेना, बसून बघवेना. सहा पतंग, पाच फुलपाखरं, चार चतुर, सात भुंगेरे, एक गांधीलमाशी, एक नाकतोडा. एकूण एक पुढे ओढलेले. फुलपाखरांच्या वरच्या पंखांची मागची कड शरीराशी काटकोन करून सरळ ताणलेली. भुंगेऱ्यांचे पाय दोन्हीकडे सारखे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, कुणीतरी मोजून ठेवल्यासारखे. अरे, मोजून ठेवलेलेच होते! कुठला भुंगेरा चालताना पाय असे ठेवतो? कुठलंही जिवंत फुलपाखरू पंख इतके पुढे घेत नाही. घेऊच शकत नाही, खांद्यातून निखळतील. हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. खिडकीतल्या कुंडीवर फुलपाखरं येत, जिन्यातल्या दिव्यावर पतंग येत, ती त्यांच्याकडे कौतुकाने बघत असे. पण बघणं वेगळं आणि काढायला बसणं वेगळं. काढायला बसली की तिच्या मनात किडा म्हणजे हाच, असा, पसरलेला. आणि प्रत्येकाच्या पाठीतून आरपार गेलेली टाचणी तिने तितक्याच निगुतीने वगळली होती. टाचणीखालची न दिसणारी जागा शेजारच्या रंगावरून अंदाजाने भरली होती. एवढी एकच गोष्ट तिने चोवीस चित्रांत न बघता काढली होती.

टाचणी दिसता कामा नये, हे बाबांचं वाक्य. बाबा संग्रहालयात कीटक टाचायचे. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण काम हेच. शेतांतून, रानांतून पाकिटांत आलेले मेलेले, वाळलेले किडे ते झाकणाच्या डब्यात ओल्या कापडाच्या घडीवर रात्रभर ठेवायचे, म्हणजे सांधे मऊ पडतात. मग मधोमध खाच असलेल्या लाकडी फळीवर एकेकाला बसवायचं, पाठीतून टाचणी, आणि बारीक सुईने एकेक पंख वर ओढून त्यावर कागदाची पट्टी ताणून बसवायची. रविवारी घरीही फळ्या असायच्या. सहा-सात वर्षांची ती टेबलाला हनुवटी टेकून बघत बसायची. तिचा श्वास लागला तरी पंख हलायचा, म्हणून बाबा म्हणायचे, हलू नकोस. बाबा स्वतः मात्र सतत हलत असायचे. हातात सुई नसली तर बोटं टेबलावर काहीतरी टिपत असायची, शर्टाचं बटण फिरवायची, भाताचं शीत ताटाच्या कडेने ढकलत न्यायची. वाळलेला किडा फळीवरून उतरवला की ते तो तिच्या डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ. आता उडेल असं वाटलं पाहिजे. टाचणी दिसली तर मी कच्चा." तिला खरंच वाटायचं, आता उडेल. त्या वयात मुलीला बाप जे दाखवतो तेच दिसतं.

संध्याकाळी तिने संपादकाला फोन केला. आधी हवापाण्याचं बोलली, मग म्हणाली की चित्रं थांबवू या, काहीतरी चुकलंय. संपादक भला माणूस, पण त्याचं डोकं छापखान्यात होतं. ताई, एका पोरीने काहीतरी म्हटलं आणि तुम्ही मुंगीचा हत्ती करताय, असं तो म्हणाला. कुणाच्या लक्षात येणार आहे? जगातली निम्मी फुलपाखरं पुस्तकांत अशीच असतात. खरी गोम तिथेच होती. तो म्हणत होता ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला स्वस्थ बसवत नव्हतं. पुन्हा काढायची म्हटलं तर आठ वर्षं, आणि जिवंत किडा समोर ठेवून ती काढणार कशी? तो हलणार. आणि हललं की तिला राग येतो हे तर दुपारीच कळलं होतं. चार वर्षं तिच्याबरोबर राहिलेला तो नकाशे काढणारा माणूस तिला आठवला. रविवारी सकाळी तो पेपर वाचत बसला की ती वही घेऊन समोर बसे, आणि तो पान उलटायला गेला की म्हणे, हलू नकोस. सुरुवातीला तो हसून थांबायचा. शेवटी शेवटी ती वही उघडतानाच उठून जायचा. जाताना तो भांडला नाही. एवढंच म्हणाला होता की तू माझ्याकडे बघतेस तेव्हा मला आडवं पडावंसं वाटतं. तेव्हा तिला वाटलं होतं, किती विचित्र बोलतो हा. रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि पहाटे डोळा लागता लागता तिला ते दुसरं चित्र आठवलं. खरं तर ते दुपारपासूनच दाराशी उभं होतं. तीच त्याला आत घेत नव्हती.

ते चित्र बाबांचं. ती एकोणीस वर्षांची असताना एका दुपारी बाबा संग्रहालयातून लवकर घरी आले, छातीत कसंसं होतंय म्हणून कॉटवर पडले, आणि डॉक्टर जिना चढून वर येईपर्यंत संपलं होतं. शेजाऱ्यांनी त्यांना नीट केलं. पाय सरळ, हात छातीवर एकावर एक. काका बाहेरगावाहून यायचे होते, म्हणून तीन तास थांबावं लागणार होतं. ती कॉटशेजारी स्टुलावर बसली आणि तिने वही उघडली. का, ते आजही तिला सांगता आलं नसतं. रडू येत नव्हतं, हातांना काहीतरी हवं होतं. तीन तास तिने बाबा काढले. आयुष्यात पहिल्यांदा ते हलत नव्हते. घरात आलेली माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती, कुणी एक बाई म्हणाली की पोरीचं काळीज दगडाचं आहे. महिन्याभराने आईच म्हणाली की यांचा एक धड फोटो नाही, ओळखपत्रावर आहे त्यात चोरासारखे दिसतात, तू काढ. तिने वही काढली आणि त्या रेखाटनावरून मोठ्या कागदावर जलरंगात बाबा केले. आडव्याचे बसते केले. हात तसेच, एकावर एक, आता मांडीवर आणले. आणि डोळे उघडले. डोळ्यांवर तिने आठवडा घालवला, बुबुळात उजेडाचा ठिपका कागद राखून आणला. जो तो म्हणाला, आता बोलतील असं वाटतं. आईने चित्र समोरच्या भिंतीवर लावलं, आणि दहाव्या दिवशी ते तिथे नव्हतं. खिळा ढिला होता, पडून काच फुटली असती, म्हणून काढून ठेवलं, असं आई म्हणाली. आई स्वयंपाकघरात गेल्यावर तिने खिळा हलवून पाहिला होता. तो हलत नव्हता. तिने विचारलं नाही, आईने सांगितलं नाही, आणि या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. तिने मनात ठरवून टाकलं की आईला तिचं काम आवडत नाही. ही अढी तिने इतकी जपली की पुढे आईला ती एकही चित्र दाखवायला घेऊन गेली नाही.

रविवारी ती आईकडे जायचीच. या रविवारी ती पिशवी घेऊन गेली, रंगाचा डबा घेऊन गेली, आणि जिना चढताना स्वतःशीच म्हणाली की उद्या सकाळी इथूनच परस्पर छापखान्यात जाता येईल म्हणून आणलंय. आई एक्याऐंशीची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दोन खोल्यांतून ती भिंतीला धरून हिंडायची, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. मुलीचा चेहरा बघून तिने आधी चहा टाकला. मग पिशवीकडे बोट करून म्हणाली, एवढं काय मढं वाहून आणलंस? एरवी ती हसली असती. तिने चित्रं बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर आईपुढे एकेक करून ठेवली. आईने चष्मा पुसला. चोवीसही चित्रं तिने सावकाश पाहिली, एकही न गाळता, आणि शेवटी तपकिरी पतंगावर बोट ठेवून म्हणाली, "हुबेहूब यांचं काम आहे. यांच्याच हातचा वाटतो." मग मुलीला वाईट वाटलं असेल असं समजून पुढे म्हणाली की छान आहेत हो, फार छान. पण तिला वाईट वाटलं नव्हतं, तिला भीती वाटली होती. काल एका मुलीने काय विचारलं ते तिने आईला सांगितलं. आई ऐकून हसली नाही. मग तेहतीस वर्षं न विचारलेलं तिने विचारून टाकलं, आणि विचारताना तिचा आवाज एकोणीस वर्षांच्या पोरीसारखा चिरकला.

"खिळा ढिला नव्हता. मग बाबांचं चित्र भिंतीवरून का काढलंस?"

आईने चहाचा कप बशीत ठेवला. "त्यांचे हात असे कधी होते का गं?" आई म्हणाली. "सांग ना. तू तर सगळ्यांत जास्त बघायचीस त्यांना. त्या माणसाचे हात झोपेतसुद्धा स्वस्थ नसायचे. मी चादर सारखी करायची रात्रभर." मग ती हळू आवाजात, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत सांगत राहिली. चित्र फार चांगलं होतं, तेच वाईट होतं. वाईट असतं तर लावून ठेवलं असतं. नऊ दिवस ती त्या भिंतीसमोर जेवली. समोर तेच हात, शेजारणीने एकावर एक ठेवलेले, तोच जबडा, तीच मान, आणि वर डोळे उघडे. लोक म्हणायचे, बोलतील. तिला वाटायचं, कुणीतरी यांचे डोळे मिटा. "डॉक्टर गेल्यावर मीच मिटले होते," आई म्हणाली. "तू पाणी आणायला गेली होतीस. या हाताने मिटले मी. आणि महिन्याने तू ते पुन्हा उघडलेस." ती म्हणाली की तू लहान होतीस, तुला काय सांगणार होते? तुझ्या हाताला तेवढाच आधार होता, तो कसा काढून घेऊ? म्हणून खिळा.

ती उठून खिडकीशी गेली. परत आली. पुन्हा गेली. दोन खोल्यांत चालायला जागा ती किती. आपण तेहतीस वर्षं ज्या रागावर जगलो त्याला बूडच नव्हतं, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं, पण तिला तोल गेल्यासारखं झालं. आपण कुणालाच कधी जिवंत बघितलं नाही, असं काहीसं तिच्या मनात येत होतं. मग तिला वाटलं, हेही खोटं. बाबांची बोटं भाताचं शीत ढकलायची ते कुणी बघितलं? तिनेच. मग ते कागदावर का आलं नाही? कारण ते हलत होतं, आणि तिला शिकवलं होतं की हललेलं खराब होतं. आतल्या खोलीत आई खुडबुड करत होती. पलंगाच्या गादीखालून, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढायची धडपड चालली होती. ती मदतीला धावली. चित्र दोघींनी बाहेर आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तेहतीस वर्षं अंधारात राहिल्याने रंग ताजे होते, कालच पूर्ण केल्यासारखे. बाबा दोघींकडे बघत होते. तिने फार तर मिनिटभर ते सोसलं, मग वळून टेबलाशी बसली, पाणी घेतलं, सगळ्यात बारीक कुंचला घेतला आणि तपकिरी पतंगाचं चित्र पुढ्यात ओढलं.

तिने टाचणी काढली. पतंगाच्या पाठीच्या मधोमध, जिथे तिने अंदाजाने रंग भरला होता तिथे, टाचणीचं बारीक गोल डोकं. निळा आणि तपकिरी मिळून झालेला काळा, त्यावर चमकेसाठी पांढऱ्या रंगाचा कणभर ठिपका, कारण इथे कागद राखायची वेळ केव्हाच गेली होती. मग पंखाच्या बाजूने कागदावर पडलेली टाचणीची लांब तिरपी सावली. सावलीला सगळ्यात जास्त वेळ लागला. सावली आल्याबरोबर पतंग कागदावरून सुटून जरासा वर उचलला गेला, आणि तो मेलेला आहे हे कुणालाही दिसलं असतं. तो आधीपेक्षा सुंदर दिसत होता, याचं तिलाच नवल वाटलं. पंखांचा प्रत्येक खवला तोच होता, फक्त आता त्याच्याबद्दल कुणी खोटं बोलत नव्हतं. दुसरं चित्र घेतलं. तिसरं घेतलं. आई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि वाळलेली चित्रं एकेक करून पलंगावर मांडू लागली. दुपार सरत होती. अकराव्या चित्राला संपादकाचा फोन आला. सगळं ठीक ना, उद्या दहाला वाट बघतो, असं तो म्हणाला, तेव्हा तिने टाचण्यांचं सांगितलं. पलीकडून उसासा आला. ताई, मुलं घाबरतील. टाचणी खुपसलेला किडा आईबाप विकत घेतील का? असं असेल तर छापायचं की नाही हे मला वर विचारावं लागेल.

"विचारा," ती म्हणाली. "जिने विचारलं ती मुलगी काही घाबरली नव्हती. तिला फक्त टाचणी हवी होती."

फोन ठेवून तिने पुढचं चित्र घेतलं. पुस्तक हातचं जाईल हे तिला कळत होतं आणि त्याचं दुःखही होत होतं. उगाच कशाला खोटं सांगा. पण तरीही बारावी टाचणी सरळ आली. खिडकीतला उजेड पिवळा होईपर्यंत चोवीस झाल्या. तिने कुंचला धुतला, बोटं मोडली, आणि मान वर केली तर आईने बाबांचं चित्र काचेतून काढून, मागचा पुठ्ठा सोडवून, तिच्यासमोर टेबलावर आणून ठेवलेलं. आईने पाणी बदलून आणलं. तिला काही सांगायची गरज नव्हती. स्वच्छ ओला कुंचला तिने बाबांच्या डाव्या डोळ्यावर टेकवला आणि थांबली. कागद चांगला होता, त्या काळी ती कागदात कसूर करत नसे. रंग मऊ पडला. टिपकागद दाबला, उचलला. त्यावर बुबुळ आलं. पुन्हा पाणी, पुन्हा कागद. आई तिच्या खांद्याशी उभी होती, तिचा श्वास कानाला लागत होता, आणि हलू नकोस असं म्हणायचं तिला सुचलंसुद्धा नाही. उजवा डोळा जास्त चिवट निघाला. त्याचा थोडा डाग राहिलाच, पण पापणीखाली डोळा असतोच की, म्हणून तिने तो तसाच ठेवला. मग त्वचेचा रंग कालवला, एकदम पातळ, आणि वरून खाली एकाच हाताने पापणी आणली, एक, मग दुसरी. पापणीच्या कडेला बारीक सावली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात ओले होते. त्या दुपारी राहिलेलं रडू होतं ते, त्याला आता जिना चढून वर यायला वेळ मिळाला.

रंग वाळेपर्यंत दोघी बसून राहिल्या. कुणी दिवा लावला नाही. मग आई पुढे वाकली, आणि चित्राला हात न लावता, कागदाच्या वर बोटभर अंतरावरून, कपाळापासून खाली तळहात फिरवल्यासारखा केला.

"आता गेले," आई म्हणाली.

तिने चित्र पुन्हा काचेत बसवलं, पुठ्ठा लावला, पाठीमागची तार ओढून पाहिली. आई भिंतीला धरत समोरच्या खोलीत गेली होती. तिथे भिंतीवर तो खिळा अजून होता, त्यावर कॅलेंडर टांगलेलं. आईने कॅलेंडर काढून खुर्चीवर ठेवलं आणि खिळा दोन बोटांत धरून हलवून पाहिला.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "आण इकडे."